जुनी विंचेस्टर 94: ओळख, दुरुस्ती आणि किंमत यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"तळघरात एक जुनी रायफल सापडली आहे, काय करू?" पेनसिल्व्हेनियात हरणांचा हंगाम जवळ आला की असे निरोप यायला लागतात. कुणी घर घेतलं आणि आधीच्या मालकाने ती मागेच ठेवली, कुणाला अमेरिकन सासऱ्यांनी दिली, कुणाच्या शेजारच्या आजोबांनी वृद्धाश्रमात जाताना हातात ठेवली. फोटो मागवला की बहुतेक वेळा विंचेस्टर 94 निघते, म्हणजे लिव्हरने चालणारी अमेरिकन शिकारी रायफल. प्रश्नही तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. कायद्याचे प्रश्न शेवटी आहेत. व्हिसावर असाल तर मात्र आधी प्रश्न 15 वाचा आणि तोवर रायफलीला हात लावू नका.

1. ती भरलेली आहे का, हे कसं बघायचं? मला बंदुकीतलं काहीच कळत नाही.

ती भरलेलीच आहे असं धरून चाला. नळीचं तोंड कुणाकडेही नसेल अशा दिशेला ठेवा आणि बोट चापापासून लांब. लिव्हर, म्हणजे चापाभोवतीची लोखंडी कडी, पूर्ण खाली ओढा आणि वरून आत बघा. काडतूस असेल तर ते उडून बाहेर पडेल. नळीखाली दुसरी बारीक नळी दिसते ते मॅगझिन. काडतुसं त्यात एकामागे एक आडवी बसतात. काडतुसं येणं थांबेपर्यंत लिव्हर चालवा, त्यानंतरही तीन-चार वेळा, मग मॅगझिनच्या तोंडाशी बोटभर आत बघा. तिथे स्प्रिंगच्या टोकाची धातूची टोपी दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर समाधान मानू नका. जुनं ग्रीस घट्ट होऊन काडतूस मध्येच अडकतं आणि महिन्याभराने कुणीतरी लिव्हर चालवला की वर येतं. हे मी स्वतः पाहिलं आहे.

घोडा, म्हणजे मागचा हातोडीसारखा खटका, मागे ओढलेला असेल आणि तो हळूच पुढे कसा आणायचा हे ठाऊक नसेल, तर तसाच राहू द्या. आत्मविश्वास नसेल तर जवळच्या बंदुकीच्या दुकानात फोन करा. या प्रश्नाला तिथे कुणी हसत नाही.

2. ही विंचेस्टर 94च आहे कशावरून?

लिव्हर खाली ओढल्यावर रिसीव्हरचा, म्हणजे मधल्या लोखंडी पेटीचा, तळच खाली झुकतो का बघा. झुकत असेल तर 94 असण्याची शक्यता मोठी. मार्लिन 336 आणि सॅव्हेज 99 या दुसऱ्या कंपन्यांच्या अशाच लिव्हरच्या रायफली. मार्लिनचा तळ जागेवर राहतो, माथा बंद असतो आणि रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर पडतं. जुन्या 94 मध्ये ते वरून उडतं. सॅव्हेज 99 ला बाहेर दिसणारा घोडाच नसतो.

आराखडा युटातल्या ऑग्डेनच्या जॉन मोझेस ब्राउनिंगचा. कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात ती 1894 पासून 2006 पर्यंत बनत होती आणि सत्तर लाखांहून जास्त बनल्या. म्हणजे "जुनी आहे" एवढ्यावर ती दुर्मीळ ठरत नाही. किंमत कशाने ठरते ते प्रश्न 6 मध्ये आहे.

3. नळीवर 'ऑगस्ट 21, 1894' लिहिलं आहे. म्हणजे ती 130 वर्षं जुनी?

नाही. ती पेटंटची तारीख आहे आणि पुढची कित्येक वर्षं ती नळीवर उमटत राहिली. या एका ओळीवर विसंबून लोकांनी चढे दर मोजले आहेत.

वर्ष काढायचं ते अनुक्रमांकावरून. तो रिसीव्हरच्या खालच्या बाजूला, पुढच्या टोकाशी असतो. इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, कारण काही याद्या जुन्या अंदाजांवर आहेत आणि काही कारखान्याच्या पॉलिशिंग विभागाच्या नोंदींवर. दोन याद्यांत काही वर्षांचा फरक सहज पडतो. क्रमांक 353999 पर्यंतचा असेल तर वायोमिंगमधल्या कोडी गावी, बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संग्रहालयात, मूळ नोंदवह्या आहेत. शुल्क भरलं की तिथून पत्र येतं: मूळ कॅलिबर (म्हणजे ती कुठल्या मापाच्या काडतुसाची), नळी गोल की अष्टकोनी, चाप कुठला, गोदामात कधी आली. रायफल जुनी आणि जराशी वेगळी दिसत असेल तर पहिला खर्च या पत्रावर करा. साफसफाई नंतर.

4. नळीवर '.30 डब्ल्यू.सी.एफ.' आहे. दुकानात .30-30 मिळतं. चालेल का?

चालेल, दोन्ही एकच. डब्ल्यू.सी.एफ. म्हणजे 'विंचेस्टर सेंटर फायर', त्याच काडतुसाचं जुनं नाव. पहिला तीस म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागांत नळीचा व्यास, दुसरा तीस म्हणजे मूळ काडतुसात भरलेली तीस ग्रेन (वजनाचं एक छोटं माप) धूरविरहित दारू. 1895 मध्ये निकेल स्टीलच्या नळ्या आल्या तेव्हा हे काडतूस आलं. 1894 मध्ये रायफल आली ती .32-40 आणि .38-55 या काळ्या दारूच्या जमान्यातल्या काडतुसांसाठी. त्या दोन कॅलिबरची अगदी सुरुवातीची रायफल हाती असेल तर आजचं जोरदार काडतूस त्यात घालू नका. आधी गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, नळी मोजून घ्या.

".32 स्पेशल" हे वेगळं काडतूस आहे. ".30 आणि .32, असा कितीसा फरक!" हा विचार इथे धोक्याचा. नळीवर जे कोरलं आहे तेच काडतूस, आणि आधी कुणी नळी बदललेली नाही ना याची खात्री करूनच.

दुसरी अट टोकाची. गोळी सपाट टोकाची हवी, कारण मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला, टेकलेलं असतं. टणक अणकुचीदार टोक आणि गोळीबाराचा धक्का एकत्र आले तर काडतूस नळकांड्यातच फुटू शकतं. हॉर्नडी कंपनीची मऊ, लवचीक टोकाची काडतुसं मुद्दाम अशाच रायफलींसाठी आहेत, ती चालतात.

5. 'प्री-64' म्हणजे काय आणि लोक त्यासाठी एवढे वेडे का?

1964 मध्ये विंचेस्टरने उत्पादनखर्च कमी करायला बरेच भाग बदलले. पूर्वी अखंड पोलादातून कोरलेले काही भाग आता पत्र्यातून ठोकून बनू लागले. काडतूस वर उचलणारा पाळणा, म्हणजे कॅरियर, त्यातलाच. भरीव पिनांच्या जागी गुंडाळलेल्या पोकळ पिना आल्या. रिसीव्हरचा धातूही असा निघाला की त्यावर नेहमीचं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर, नीट चढेना, म्हणून त्यावर वेगळा थर द्यावा लागला. 94 हातात घेऊन लिव्हर चालवला की फरक कानाला कळतो. जुनीचा आवाज "खळ्-खट्", नंतरचीचा थोडा डब्यासारखा.

तरी एक गोष्ट सांगतो. 1964 नंतरच्या रायफलीही उत्तम चालतात, आणि कारखान्याने पुढे काही भाग सुधारलेही. हरणाला त्यातला फरक कळत नाही. संग्राहकाला कळतो आणि पैसे तोच मोजतो.

6. बरं, पण किंमत किती?

1940-50 च्या दशकातली साधी .30-30 कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, वीस इंची नळी, मूळ ब्लूइंग बऱ्यापैकी टिकलेलं, कुठे भोक पाडलेलं नाही, अशी असेल तर अलीकडे अमेरिकेत हजार डॉलरच्या आगेमागे धरा. तिथून वर-खाली कशाने होतं ते सांगतो.

सगळ्यात मोठा घटक मूळपणा. किती टक्के मूळ ब्लूइंग शिल्लक आहे यावर दर ठरतो, आणि टक्केवारी वाढते तसा दर उडी मारून वाढतो. नव्वद टक्क्यांची रायफल साठ टक्क्यांच्या रायफलीपेक्षा दीडपट नव्हे, कितीतरी जास्त महाग असू शकते.

दुसरा घटक प्रकार. सव्वीस इंची नळीची 'रायफल', त्यातही अष्टकोनी नळी, मधून दोन तुकडे होणारी 'टेकडाउन', बाजूला खोगिराची कडी असलेली जुनी कार्बाइन, .25-35 किंवा .38-55 कॅलिबर, हे सगळं वर नेतं. महायुद्ध संपल्यानंतरच्या थोड्या वर्षांत नळीवरचा पुढचा पट्टा सपाट यायचा. त्या 'फ्लॅट बँड' रायफलींवरही लोक थोडं जास्त मोजतात.

तिसरा घटक भोकं. जुन्या 94 चं काडतूस वरून उडतं, त्यामुळे माथ्यावर दुर्बीण बसत नाही. मग 1950-60 च्या दशकात कुणीतरी बाजूला ड्रिल मारून ती बसवायचं. एका हौशी माणसाच्या दोन भोकांनी संग्राहकाचा अर्धा रस जातो.

दर बघताना विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका. लिलावाच्या संकेतस्थळांवर प्रत्यक्षात विकल्या गेलेल्यांच्या किमती बघा. दुकानदार त्याहून बराच कमी देईल. त्याला पुढे विकायची आहे, त्यात लबाडी नाही. विम्यासाठी मात्र तशीच रायफल पुन्हा विकत घ्यायला लागणारी रक्कम लिहून घ्या.

"ही अमक्या प्रसिद्ध माणसाची होती" या गोष्टीला, सोबत कागद नसेल तर, शून्य डॉलर.

7. गंजली आहे, रंगही उडालाय. विकण्याआधी नवं ब्लूइंग करून घेऊ का?

नको. एवढं एकच उत्तर लक्षात ठेवलंत तरी पुरे. आपल्याकडे आजीच्या पितळी समईला चिंच लावून लख्ख करतात आणि तेच बरोबर. इथे उलट आहे. 1920 च्या आसपासच्या अनेक विंचेस्टर रिसीव्हरांचं ब्लूइंग खपल्या निघून उडतं आणि खाली करडा-तपकिरी धातू दिसतो. तो त्या काळाचा ओळखीचा दोष आहे. खरेदीदाराला तो माहीत असतो आणि चालतो.

नवं ब्लूइंग करायचं म्हणजे आधी पॉलिश. त्यात कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, स्क्रूंच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडतात. जाणकार हे पाच फुटांवरून ओळखतो. लाल, जिवंत गंज मात्र थांबवायलाच हवा. भरपूर तेल लावून एक दिवस ठेवा, मग 0000 क्रमांकाची बारीक स्टील वूल अगदी हलक्या हाताने फिरवा, तीही आधी कुठल्या तरी लपलेल्या कोपऱ्यात. तपकिरी, शांत झालेल्या जागेला हात लावू नका.

8. नळी आतून काळीकुट्ट दिसते. संपली का?

सांगता येत नाही, आधी साफ करा. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधले क्षार ओलावा धरतात, त्यामुळे त्या काळच्या नळ्यांत बारीक खड्डे असणं नेहमीचं. आटे, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, स्पष्ट दिसत असतील तर खड्डे असूनही ती बरी नेम धरते.

साफ करताना एक अडचण. 94 ची नळी मागून सरळ मोकळी नसते, म्हणून लोक तोंडाकडून सळई घालतात. वर्षानुवर्षं सळई घासून नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेम जातो तो तिथे. दोरीचा ब्रश मागून घालून पुढे ओढा. सळईच वापरायची तर तोंडावर पितळी गाइड लावा. कड झिजलेली असेल तर गनस्मिथ ती पुन्हा कापून देतो. काम लहान, पण फरक मोठा.

9. दस्त्याला मनगटापाशी (हाताने धरतो त्या बारीक भागाला) चीर आहे. फेव्हिकॉल चालेल?

हा प्रश्न मला खरोखर आला आहे. नाही चालणार. रायफल वर्षानुवर्षं तोंड वर करून उभी ठेवली की सगळं तेल ओघळून दस्त्याच्या सांध्यात मुरतं. अक्रोडाचं लाकूड मऊ, काळं पडतं आणि रिसीव्हरच्या मागच्या पट्टीच्या टोकाशी चिरतं. तेलकट लाकडाला कुठलंच गोंद धरत नाही.

आधी तेल काढायचं. ॲसिटोनमध्ये कालवलेली खडूची भुकटी लेपासारखी लावायची, वाळली की तेल शोषून पिवळट होते, झटकायची, पुन्हा लावायची. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. लाकूड कोरडं झालं की चिरेत पातळ इपॉक्सी आणि वरून रबरी पट्टीने घट्ट आवळायचं. सँडपेपर लावू नका. लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली गेलं की मूळपणा गेलाच. आणि इथून पुढे रायफल तोंड खाली करून ठेवा.

10. स्क्रू मी स्वतः उघडले तर?

योग्य स्क्रूड्रायव्हर असेल तरच. घरातल्या स्क्रूड्रायव्हरचं पातं निमुळतं असतं. इथे दोन्ही बाजू समांतर असलेलं, खाचेत गच्च बसणारं पातं लागतं. माझ्या पहिल्या रायफलीचे दोन स्क्रू मी सव्वा डॉलरच्या स्क्रूड्रायव्हरने खराब केले. विकायला गेलो तेव्हा दुकानदार बाकी काही न बघता त्या दोन स्क्रूंकडेच बघत राहिला. आणि आधीच सांगतो, 94 उघडणं सोपं, पुन्हा बसवणं नाही. प्रत्येक पायरीचा फोटो काढा.

11. लिव्हर चालवला की काडतूस अडकतं किंवा दोन एकदम येतात.

आधी स्वतःला तपासा. लिव्हर शेवटपर्यंत, जोरात चालवायचा असतो. भीत भीत अर्धवट ओढलं की ती अडकते आणि बिचाऱ्या रायफलीला दोष जातो. मग रिसीव्हरच्या दोन्ही बाजूंचे काडतूस-मार्गदर्शकांचे स्क्रू ढिले नाहीत ना बघा. मग मॅगझिनमधली घाण आणि थकलेली स्प्रिंग. स्प्रिंग स्वस्तात मिळते. जुनी फेकू नका, पिशवीत घालून रायफलीसोबत ठेवा. एवढं करूनही अडकत असेल तर कॅरियर झिजला आहे, ते काम गनस्मिथचं.

मार्लिनचा आजार वेगळा. तिथे लिव्हरची पुढची कड कॅरियरला घासून घासून खाच पाडते आणि पुढचं काडतूस त्याच्या खाली घुसतं. मग लिव्हर ना उघडतो ना मिटतो. याला सगळे 'मार्लिन जॅम'च म्हणतात.

12. झाडलेल्या काडतुसाचा प्रायमर मागे बाहेर आलेला दिसतो.

झाडणं थांबवा. 94 मध्ये ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग, त्याच्या मागे एक उभा ठोकळा वर सरकतो आणि कुलूप लावतो. काडतुसामागच्या जागेच्या मापाला हेडस्पेस म्हणतात; ठोकळा झिजला की ते माप वाढतं. .30-30 चा दाब तुलनेने कमी, त्यामुळे पहिली खूण बाहेर डोकावणारा प्रायमर ही असते. हलक्या भरलेल्या काडतुसांत निरोगी रायफलीतही हे कधीकधी दिसतं, म्हणून घाबरून विकू नका. गेज, म्हणजे मापाचा ठोकळा, लावून मोजून घ्या. गेज लावणं पाच मिनिटांचं काम आहे, अंदाज लावणं कुणाचंच नाही.

13. जवळ चांगला गनस्मिथ नाही. दुसऱ्या राज्यात पाठवता येते का?

येते. संघीय परवाना असलेल्या गनस्मिथकडे मालक रायफल दुरुस्तीला पाठवू शकतो आणि तो ती थेट मालकाला परत पाठवू शकतो. वाहतूक कंपन्यांचे नियम वेगळे असतात आणि बदलतात, आधी विचारा. पाठवताना चिठ्ठीत ठळक लिहा: "पॉलिश करू नये, ब्लूइंग करू नये, काढलेले भाग परत द्यावेत."

14. सोन्याच्या पाण्याची, बफेलो बिलचं नाव असलेली, खोक्यातली कोरी 94 आहे. मोठं घबाड?

बहुधा नाही. 1964 पासून विंचेस्टरने अशा स्मरणार्थ आवृत्त्या काढल्या आणि भरमसाट काढल्या. 1966 ची शताब्दी आवृत्ती एकटीच एक लाखाच्या वर होती. सगळ्यांनीच जपून ठेवल्या, म्हणून सगळ्यांकडेच कोऱ्या आहेत. खोकं, कागद आणि न झाडलेली स्थिती असेल तरच किंमत. झाडली की ती साधी, चकचकीत .30-30.

15. मी एच-1बी वर आहे. ठेवू शकतो का?

सामान्य नियम 'नाही' असा आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू नाही. पण इथे चूक झाली तर गुन्हा गंभीर आणि व्हिसाही धोक्यात, तेव्हा माझ्या उत्तरावर नको, वकिलाच्या उत्तरावर चाला. घर घेतल्यावर तळघरात रायफल निघाली असेल तर ती गाडीत घालून दुकानात नेऊ नका. दुकानदाराला किंवा पोलिसांच्या बिगर-तातडीच्या नंबरवर फोन करून न्यायला बोलवा.

16. सासरे ओहायोत, मी पेनसिल्व्हेनियात. त्यांनी दिली तर घेऊन यायची ना?

हयात माणसाने दिलेली भेट राज्याची सीमा ओलांडत असेल तर ती परवानाधारक दुकानदारामार्फतच घ्यावी लागते. मृत्युपत्राने किंवा वारशाने आली तर संघीय कायद्यात सूट आहे. राज्यांचे नियम त्यावर आणखी असतात.

17. 1898 पूर्वीची असेल तर कायद्यातून सुटली म्हणे?

अर्धं खरं. 1968 च्या संघीय कायद्यानुसार 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटीक' ठरते आणि त्या कायद्यापुरती ती बंदूकच नसते, मग कॅलिबर .30-30 का असेना. म्हणून वर्षाचा पक्का पुरावा इथे पैशाइतकाच मोलाचा (प्रश्न 3). राज्याचा कायदा वेगळा असू शकतो.

खरी मेख आखूड नळीच्या 'ट्रॅपर' कार्बाइनमध्ये आहे. सोळा इंचांपेक्षा कमी नळीच्या रायफलीला 1934 चा दुसरा कायदा लागतो आणि त्याची 'अँटीक'ची व्याख्या वेगळी आहे. तिथे काडतूस आज बाजारात मिळतं का हेही बघतात. .30-30 तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. त्यामुळे 1897 ची चौदा इंची ट्रॅपर एका कायद्याने अँटीक आणि दुसऱ्याने नोंदणी लागणारं शस्त्र असू शकते. बऱ्याच मूळ ट्रॅपर संग्राह्य म्हणून 1934 च्या कायद्यातून वगळल्या आहेत. पण कारखान्यातून आखूड आलेली आणि कुणी घरी करवतीने कापलेली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विकत घेण्याआधी नळी मोजा, लिव्हर मिटून, ब्रीचपासून तोंडापर्यंत.

18. रिसीव्हरवर 'यू.एस.' आणि जळत्या बाँबचं चिन्ह आहे. खरं असेल?

असू शकतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने 1800 रायफली घेतल्या होत्या. वायव्येकडच्या जंगलांत विमानांसाठी स्प्रूसचं लाकूड तोडलं जात होतं, तिथल्या पहाऱ्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने ब्रिटिश कोलंबियाच्या किनारी रेंजर्सना 94 दिल्या, त्यांच्यावर इंग्रजी 'सी' अक्षरात बाणाची खूण असते. या खुणांनी किंमत कितीतरी वाढते, म्हणून खोटे शिक्केही भरपूर. शिक्का ब्लूइंगच्या वरून मारलेला आहे का, खाचेच्या कडा ताज्या चमकतात का, अनुक्रमांक त्या काळात बसतो का, हे बघा. शंका असेल तर साध्या रायफलीचाच दर द्या.

19. निवृत्तीनंतर पुण्याला परत जाणार आहोत. सोबत नेता येईल?

सामानात घालून अजिबात नाही. भारतात 1959 चा शस्त्र कायदा लागतो, परवाना आणि आयातीची परवानगी आधी हवी. इथलं 'अँटीक' प्रमाणपत्र तिथे चालत नाही. भारतीय कायद्यात जुन्या शस्त्राला सूट मिळते ती ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तेव्हा. तुमची 94 तर तुम्ही नुकतीच दुरुस्त केली आहे. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिथे शिकारीचा प्रश्नच उरत नाही. इथेच एखाद्या शिकार करणाऱ्या शेजाऱ्याला कायदेशीर रीतीने विका किंवा द्या. कोडीचं पत्र आणि जुन्या स्प्रिंगची पिशवी सोबत द्यायला विसरू नका.